एकच्या पुढे

मी तोंडाची फटकळ आहे. पिंपरी पेंढारला माहेरी असताना आई म्हणायची, ह्या पोरीच्या जिभेला हाड नाही. लग्न होऊन महाळुंगे पडवळला आले, तेव्हा सासूबाईंनी हे पहिल्याच आठवड्यात ताडलं. कॉलेजात प्राचार्यांपासून क्लार्कपर्यंत कुणाचंही ऐकून घेतलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी मी बोलले नाही.

आंबेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात मी गणित शिकवायचे. नेमणूक वर्षाची. जूनमध्ये ऑर्डर हातात पडायची, एप्रिलअखेर ती संपायची, आणि मे महिनाभर मी कुणीच नसायचे. पुन्हा जून, पुन्हा अर्ज, पुन्हा तीच मुलाखत, त्याच तीन माणसांसमोर, जी एरवी माझ्याबरोबर स्टाफरूममध्ये भेळ खायची. अशी अकरा वर्षं काढली. कायम व्हायचं तर पीएचडी करा, नाहीतर दर जूनला तुमच्याहून जास्त कागद असलेलं कुणीतरी येऊन बसेल, असं मला स्पष्ट सांगण्यात आलं होतं. म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पुण्याच्या एका सरांकडे नाव नोंदवलं. तेव्हा माझा धाकटा नुकता शाळेत जायला लागला होता.

विषय ऐकला की लोक मान हलवायचे आणि दुसरं काहीतरी बोलायला लागायचे. अरेषीय अपूर्णांकी विकलन समीकरणांची श्रेणी पद्धतीने अदमासे उत्तरं. वाटतं तेवढं अवघड ते नाही. विकलन म्हणजे बदलाचा वेग. पहिलं विकलन असतं, दुसरं असतं, हे बारावीच्या मुलांनाही ठाऊक असतं. माझ्या विषयात अर्धं असतं, पाऊण असतं, नऊ दशांश असतं. साध्या विकलनाला फक्त आत्ताचं कळतं. अपूर्णांकी विकलन अगदी सुरुवातीपासूनचं सगळं धरून चालतं. कालचं जास्त धरतं, दहा वर्षांपूर्वीचं कमी धरतं, पण सोडत काहीच नाही.

मला हे समजायला पुस्तक उघडावं लागलं नाही. आज भाजीत मीठ जास्त पडलं तर माझ्या नवऱ्याला आज मीठ जास्त पडलं एवढंच कळायचं. सासूबाईंना आजचं मीठ, गेल्या पोळ्याला करपलेली पोळी आणि लग्नात आमच्याकडून कुणा चुलत दिराला द्यायची राहून गेलेली टॉवेल-टोपी हे सगळं एकदम आठवायचं. त्यांचा आजचा राग ही त्या सगळ्याची बेरीज असायची, आणि मीठ त्यात फार तर निम्मं.

अरेषीय म्हणजे ज्या समीकरणात अज्ञात राशी स्वतःलाच गुणत असते. त्याचं नेमकं उत्तर बहुधा हाती लागत नाही. मग ते तुकड्यातुकड्याने काढायचं. पहिलं पद म्हणजे सुरुवातीला काय होतं ते. त्यावरून दुसरं पद, त्या दोन्हींवरून तिसरं, तिन्हींवरून चौथं. सगळ्यांची बेरीज म्हणजे उत्तर. पदं अनंत असतात, आपण दमतो तिथे थांबायचं.

सरांकडच्या सगळ्यांची दमायची जागा ठरलेली होती. चौथं पद. मग काळ शून्यापासून एकपर्यंत घ्यायचा, आलेख काढायचा. मग एक तक्ता. समीकरणातला अपूर्णांक काढून तिथे पूर्ण एक घातला की ते जुनं, साधं समीकरण होतं, आणि त्याचं नेमकं उत्तर पुस्तकात असतं. त्या उत्तराशी आपलं उत्तर ताडून बघायचं. दोन दशांश स्थळांपर्यंत जुळलं की खाली लिहायचं, पद्धत अत्यंत परिणामकारक आहे. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे तिथे ताळा जमला, म्हणजे ज्याचं ठाऊक नाही तिथेही जमलाच असं धरायचं. समीकरण बदलायचं, बाकी सगळं तेच. सरांच्या कपाटात अशा काळ्या बांधणीच्या प्रती ओळीने उभ्या होत्या. मला त्या ओळीत जाऊन बसायचं होतं, यात लपवण्यासारखं काही नाही.

माझ्या वाट्याला आलेलं समीकरण वाढीचं होतं. तलावात मासे सोडले तर आधी भराभर वाढतात, मग जागा आणि खाणं पुरेनासं होतं तशी वाढ मंदावते. तलाव जेवढे मासे पेलतो त्याला एक म्हणायचं. सुरुवातीला त्याच्या निम्मे आहेत असं धरलं होतं.

हे सगळं मी कधी करायचे, असं मला पुष्कळ जणी विचारतात. सकाळी दोन डबे, मग कॉलेज, मग घर, बटाट्याची काढणी असली की रविवारीही शेतात. शनिवारी मंचरहून पुण्याला, येताना पाय ठेवायला जागा नसलेल्या एसटीत उभ्याने. त्या वर्षांत आमच्याकडे उसात बिबटे शिरले होते, त्यामुळे दिवस मावळायच्या आत घरी पोचलंच पाहिजे. ओढ्याच्या कडेला वनखात्याने पिंजरा आणून ठेवला होता, आत बिबट्याला आमिष म्हणून एक शेळी. रोज बसला जाताना ती दिसायची, गजाआड उभी, पाला खात. बिबट्या काही आला नाही. महिनाभर शेळीच पिंजऱ्यात राहिली. मला तिच्याकडे बघवायचं नाही, मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालायचे.

गणित व्हायचं ते कॉलेज सुटल्यावर, बसची वाट बघताना. जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे स्टाफरूमच्या कपाटावर पडलेले असायचे. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पदं काढायचे. दुसरं पद चार ओळींत येतं. तिसरं अर्ध्या पानात. चौथ्याला दोन पानं लागतात, आणि मध्ये एक चिन्ह चुकलं तर ती चूक पुढच्या प्रत्येक पदात जाऊन बसते.

माझ्याबरोबर थांबायचे ते आमच्या कॉलेजचे शिपाई मामा. सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. ते डिंभ्याचे. त्यांचे दोघे भाऊ धरणाच्या पाण्यात जाळी टाकायचे, सुट्टीच्या दिवशी मामाही. डिंभ्याची एसटी यायची तेव्हा यायची, म्हणून तेही स्टाफरूमच्या दारापाशी स्टुलावर बसून राहायचे. मला कपभर चहा करून द्यायचे आणि मी सांगायच्या आत पंखा लावायचे, लाइट असली तर.

एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, रोज ह्ये काय लिवताय?"

"तळ्यात मासे सोडले तर किती वाढतील त्याचं गणित आहे, मामा."

"कंच्या तळ्यात?"

"कुठल्याही."

"कुटल्याबी म्हंजी कुटल्याच न्हाई." त्यांनी तोंड वाकडं केलं. आयुष्य पाण्यावर काढलेल्या माणसाला कुठल्याही तळ्याचा राग येणारच.

"बरं, डिंभ्याचं धरा," मी म्हणाले. "आता तळं पेलतं त्याच्या निम्मे मासे आहेत. आणि हा बघा आलेख. एका वर्षाने त्र्याहत्तर टक्के."

मामांनी चष्मा लावला. रेघेवरून बोट फिरवलं. बोट कागदावर जिथे रेघ संपली तिथे थांबलं.

"ह्ये येक वरीस?"

"हो."

"वर्साचं आमाला डोळ्यांनी दिसतंय की. पाच वर्सांनी किती त्ये सांगा."

"पाच घातले की पाचचं येईल. त्यात काय," मी म्हणाले, आणि कॅल्क्युलेटर ओढला. आधी सोपं, अपूर्णांक नसलेलं समीकरण घेतलं. चार पदं, त्यातलं एक शून्यच. निम्मे, अधिक सव्वा, पावणेदोन. त्यातून एकशे पंचवीस भागिले अठ्ठेचाळीस वजा. मी ते दोनदा केलं. मग अपूर्णांकाचं केलं, नऊ दशांशाचं. तेही शून्याच्या खाली.

उणे पंच्याऐंशी टक्के मासे. तळ्यात मासे नाहीत असं उत्तर असतं, तर तेही मी कसंबसं मामांना सांगितलं असतं. शून्यापेक्षा कमी मासे म्हणजे काय ते कुठल्या तोंडाने सांगणार?

"किती आलं?" मामा म्हणाले.

"बघते. कुठेतरी चुकलंय. उद्या सांगते."

बाहेर त्यांच्या बसचा हॉर्न वाजला आणि ते पळाले. मला इतकं हायसं वाटलं की त्या हायसं वाटण्याचीच मला लाज वाटली.

चूक माझ्या आकडेमोडीत असेल अशी आशा होती. रविवारी मी पुढची पदं काढली. एक पद वाढवलं, तर मासे तळं पेलतं त्याच्या साडेपाच पटीवर गेले. आणखी एक वाढवलं, तर उणे जवळजवळ अकरा पट. जितकी मेहनत जास्त, तितकं उत्तर वाईट. चुलीवर भात होता, तो लागला, तरी मी कागदावरून मान वर केली नाही. सासूबाई आत येऊन म्हणाल्या, "आता भातबी तुझ्या गणितात घालतीस व्हय?" मी पातेलं उतरवलं आणि पुन्हा कागदाकडे वळले.

तोवर मला कळलं होतं. आकडे बरोबर होते. श्रेणीच तिथवर पोचत नव्हती. प्रत्येक श्रेणीची एक हद्द असते. हद्दीच्या आत पदं वाढवली की बेरीज खऱ्या उत्तराकडे सरकते, तिच्या बाहेर पदं वाढवली की ती भरकटते. ह्या श्रेणीची हद्द तीनच्या जरा पुढेच संपते. हे काही मोठं गुपित नाही. दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवायचे, की बेरीज लिहिण्याआधी श्रेणी कुठपर्यंत अभिसारी आहे, म्हणजे कुठपर्यंत एका जागी येऊन ठरते, ते तपासा. ज्यांनी ते तपासलं नाही त्यांचे मी दोन मार्क कापायचे. लाल पेनाने समासात लिहायचे, हद्द कुठे आहे? आणि स्वतःच्या प्रबंधात पाच वर्षं मी ती तपासली नव्हती, कारण एकच्या पुढे जायची वेळच कधी आली नव्हती. आमच्यापैकी कुणीच कधी एकच्या पुढे गेलं नव्हतं. एकला सगळं छान असतं.

पुढच्या शनिवारी सरांपुढे कागद ठेवले. सर वाईट माणूस नव्हते, हे मला नीट लिहायचं आहे. बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींना ते आधी जेवलात का विचारायचे. त्यांनी कागद पाहिले, चष्मा काढला आणि हसले.

"तुम्हाला एकच्या पुढे जायला सांगितलं कुणी?"

"आमच्या शिपायांनी," मी म्हणाले.

त्यांना ती थट्टा वाटली. "हे बघा, प्रबंधात आपण म्हणतो की शून्य ते एकच्या दरम्यान उत्तर चांगलं आहे. ते आहे की नाही?"

"आहे."

"मग आपण खोटं काय लिहिलं?"

"पण सर, ही रेघ बघून कुणालाही वाटणार की ती पुढेही अशीच जाते. आणि शेवटी आपण पद्धत अत्यंत परिणामकारक म्हणतो."

सरांनी चष्मा पुसला. "मी तुमच्याएवढा होतो तेव्हा हाच प्रश्न माझ्या सरांना विचारला होता."

मला वाटलं आता मार्ग निघणार. "मग ते काय म्हणाले?"

"चहा घ्या म्हणाले," सर म्हणाले, आणि माझ्यापुढे कप सरकवला. "चहा घ्या."

मी चहा घेतला.

तरी त्या मे महिन्यात, ऑर्डर संपलेली असताना, मी ते उत्तर दुसऱ्या रीतीने काढलंच. पदं बिदं काही नाही. काळाचे बारके तुकडे करायचे आणि एकेक पाऊल पुढे जायचं. पण हे विकलन काही विसरत नाही, त्यामुळे प्रत्येक पावलाला मागची सगळी पावलं पुन्हा मोजायची. दहाव्या पावलाला मागची नऊ, पन्नासाव्याला मागची एकोणपन्नास, प्रत्येकाचं वजन वेगळं. एका दोनशेपानी वहीत, कॅल्क्युलेटरवर, ओट्याशी उभी राहून, अंगणात बटाट्याच्या पोत्यांवर बसून. तीन आठवडे लागले. एकपर्यंत ती रेघ माझ्या जुन्या रेघेशी जुळली, आणि पुढे तिचं तिचं सावकाश चढत जाऊन तळं पेलतं त्याच्या जरा खाली टेकली. पाचला तिथेच, पुढेही तिथेच. शेवटचा आकडा लिहून झाल्यावर मी अंगणात एकटीच मोठ्याने हसले. त्या सगळ्या वर्षांत मला गणिताचा आनंद झाला असेल तर तो त्या दुपारी.

वही सरांना दाखवली. त्यांनी पानं उलटली, छान म्हणाले आणि परत दिली. "पण आपलं शीर्षक श्रेणी पद्धती आहे. हे घातलं तर सगळा प्रबंध फिरवावा लागेल. हे घालून तुम्हीच म्हणणार की आधीची चार प्रकरणं एकच्या पुढे निरुपयोगी आहेत. मुदत किती राहिली तुमची?"

मुदत सरांनाही ठाऊक होती. दोनदा वाढवून झाली होती, तिसरी वाढ नव्हती. सप्टेंबरात प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. इकडे कॉलेजात एक जागा कायम भरायची ठरलं होतं, पुढच्या जूनला. माझ्यासाठीच ती जागा अडवून ठेवलीय असं प्राचार्य दोनदा म्हणाले होते. नंतर ती पुन्हा कधी निघेल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं. तो विहिरीच्या मोटारीला ग्रीस लावत होता. शांत डोक्याचा माणूस.

"खोटं हाय का त्ये?" त्याने विचारलं.

"खोटं नाही. एकपर्यंत खरं आहे."

"मंग झालं की."

"एकच्या पुढे नाही ना."

"पुढचं पुढं बघू. आदी ह्यातनं सुट." त्याने हात पुसले. "तुझी दशा बघवत न्हाई आता."

त्याच्या बोलण्यात माया होती. सगळेच माझ्या भल्याचं बोलत होते. सर, प्राचार्य, नवरा, एकही माणूस असा नव्हता ज्याच्याशी भांडता येईल. मला भांडायची सवय, आणि इथे ज्याला धक्का द्यावा तो प्रेमाने पाठीवरून हात फिरवायचा. सप्टेंबरात प्रबंध गेला. चार पदं, शून्य ते एक. पद्धत अत्यंत परिणामकारक आहे हे वाक्य मी स्वतः टाइप केलं.

मामा मधूनमधून विचारायचे, "आलं का पाचचं?" मी म्हणायचे, "चाललंय." वही पर्समध्ये असायची. काढून दाखवायला अर्धं मिनिट लागलं नसतं. पण दाखवली की ती प्रबंधात का नाही हे ओघाने आलंच असतं, म्हणून मी ती दाखवली नाही.

शेवटची तोंडी परीक्षा पुण्यात, मार्चमध्ये. आमच्याकडे कुणाची अशी परीक्षा असली की कॉलेज जीप करून जातं, लग्नाला जावं तसं. मराठीचे सर, लायब्ररीच्या बाई, क्लार्क, आणि मागे वड्यांच्या पातेल्याशेजारी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मामा. आतली रीतही ठरलेली. मी बोलायचं, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन प्रश्न विचारायचे, मग सभागृहातल्या कुणाला काही विचारायचं असल्यास असं अध्यक्षांनी म्हणायचं. सभागृहात कुणी काही विचारत नसतं. ते वाईट दिसू नये म्हणून सरांनी दोन सोपे प्रश्न आधीच आपल्या दोन विद्यार्थ्यांना वाटून दिले होते, आणि त्यांची उत्तरं मला.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. परीक्षकांना आलेख आवडले. वाटलेले दोन प्रश्न आले, वाटलेली दोन उत्तरं गेली. अध्यक्ष उठायच्या बेतात होते, तेवढ्यात मागच्या रांगेत हात वर झाला.

"साहेब, येक इचारू का?"

सगळे मागे वळले. मामा उभे राहिले होते, दोन्ही हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर. अध्यक्ष हसून म्हणाले, "विचारा, विचारा, ही खुली परीक्षा आहे."

"मॅडमनी माशांचं येक वर्साचं दावलं. पाच वर्सांनी किती व्हत्याल?"

सभागृहात हलकं हसू पसरलं, कौतुकाचं. सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यात धमकी नव्हती. कप पुढे सरकवताना होता तोच चेहरा. माझी पर्स टेबलावर होती, पर्समध्ये वही, वहीत उत्तर. पर्सची चेन उघडायची आणि म्हणायचं, मामा, ह्या प्रबंधातल्या रीतीने पाचचं उत्तर उणे येतं, आणि खरं उत्तर हे आहे. दोन वाक्यं. मला ती पाठ होती. मी पर्सवर हातही ठेवला.

"तो भाग प्रस्तुत प्रबंधाच्या कक्षेत येत नाही," मी म्हणाले.

"म्हंजी?"

"म्हणजे ते अजून काढायचं आहे."

"हां," मामा म्हणाले, आणि बसले. अध्यक्षांनी अभिनंदन केलं, टाळ्या झाल्या. जूनमध्ये मी कायम झाले. ऑर्डरवर या वेळी शेवटची तारीख नव्हती. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले, आणि माझी काळ्या बांधणीची प्रत सरांच्या कपाटात ओळीच्या टोकाला गेली. पुढे सरांकडे आलेली एक मुलगी मला भेटायला आली तेव्हा तिच्या हातात तीच प्रत होती. हे बघून असंच करायचं, असं तिला सांगितलं होतं.

पण त्या मार्चच्या दुपारी, टाळ्या झाल्यावर, सगळे जीपपाशी वडे खात उभे होते. मामा जरा लांब, झाडाखाली, वड्यांच्या पातेल्यापाशी. माझ्याने राहवेना. मी त्यांच्याकडे गेले आणि पर्समधून वही काढून शेवटचं पान उघडलं.

"मामा, हे पाचचं. तळं पेलतं त्याच्या जरासे कमी. तिथेच टेकतात, पुढेही तेवढेच राहतात."

त्यांनी चष्मा लावला आणि रेघेवरून बोट फिरवत नेलं, चढाने वर आणि मग सपाटीवर.

"बराबर हाय," ते म्हणाले. "आसंच आस्तंय. पाणी लई उतरलं तर गोष्ट येगळी. ह्ये आमच्या बापालाबी ठाव व्हतं."

"ठाऊक होतं? मग दोन वर्षं मला काय विचारत होता?"

"तुमच्या गणिताला ठाव हाय का, त्ये बगायचं व्हतं." ते खूश दिसत होते, माझ्यासाठी खूश. मग त्यांची नजर पानाच्या वरच्या कोपऱ्यावर गेली. मी प्रत्येक पानावर तारीख घालते. ती त्यांनी वाचली, ओठ हलवत, सावकाश. आदल्या वर्षीच्या मे महिन्यातली.

त्यांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली.

"मंग आत का न्हाई सांगितलं, मॅडम?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं आणि त्यांना जाणून घ्यायचं होतं. मागे जीपपाशी कुणीतरी माझं नाव घेऊन हाका मारत होतं. मी बाजूच्या पातेल्यातला एक वडा कागदावर काढून त्यांच्यापुढे धरला.

"वडा घ्या, मामा," मी म्हणाले.